दयाळाला भोक परत देताना: गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या कुळागरातल्या (पोफळी-माडांच्या बागेतल्या) नोंदी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

गोठ्याच्या भिंतीला डिसेंबरात गिलावा केला. जुनी चिऱ्याची भिंत, पावसात ओल धरायची, म्हणून. भिंत बांधताना परांचीचे बांबू ज्या भोकांत खोवले होते, ती भोकं तेव्हापासून उघडीच होती. त्यांतल्या पूर्वेकडच्या एका भोकात दरवर्षी दयाळ पक्ष्याची जोडी पिल्लं वाढवायची. मी या घरात आले त्याला चौदा वर्षं झाली, एक साल चुकलेलं आठवत नाही. गवंड्याने सगळी भोकं लिंपली. मी स्वतः शेजारी उभी राहून काम करून घेत होते, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

आज पहाटे उजाडायच्या आधी नर माडाच्या शेंड्यावर गायला लागला. साडेसहाच्या सुमारास मादी सरळ भिंतीकडे आली, बरोबर जुन्या भोकाच्या जागी गिलाव्याला नखं लावून लटकली आणि घसरली. परत आली, परत घसरली. मी चहा हातात घेऊन पडवीत उभी होते. नऊ वेळा आली. हे पाहिल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. घरट्यासाठी पेटी करून टांगायची असं ठरवलं. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून चुका, खर्च, वेळ सगळं लिहून ठेवते आहे.

आमच्याकडे पुष्कळजण दयाळ आणि चिरक यांत गोंधळ करतात. दयाळ बुलबुलाएवढा, साधारण १९ सेंटिमीटर. नराचं डोकं, छाती, पाठ चकचकीत काळी, पोट पांढरं आणि पंखावर पांढरा पट्टा. मादीत काळ्याच्या जागी राखाडी. शेपटी बहुधा उभी. चिरक त्याहून लहान, नर जवळजवळ पूर्ण काळा, खांद्यावर पांढरा ठिपका आणि शेपटीखाली विटकरी रंग. चिरक मोकळ्या, दगडाळ, सड्यासारख्या जागेत दिसतो. दयाळाला सावली आणि माणसाचं अंगण लागतं. इंग्रज दोघांनाही रॉबिन म्हणून गेले, कारण त्यांच्या देशातल्या लाल छातीच्या छोट्या रॉबिनची त्यांना आठवण झाली. लाल छाती या दोघांतल्या एकालाही नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

पेटी क्रमांक १ झाली. घरात पडून असलेलं ६ मिलिमीटरचं प्लायवूड, तळ १२ बाय १२ सेंटिमीटर, उंची २२, तोंडाचं भोक ४ सेंटिमीटर. बाहेरून हिरवा ऑइलपेंट, म्हणजे झाडात मिसळून जाईल. तोंडाखाली बसायला एक काडी. फणसाच्या बुंध्यावर सहा फुटांवर, पश्चिमेकडे तोंड करून बांधली, कारण तिथून ती मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते.

खर्च: रंग १४० रुपये, स्क्रू आणि तार ६५. वेळ: एक अख्खा रविवार.

रविवार, १६ फेब्रुवारी

आठवडाभर दयाळ पेटीकडे फिरकला नाही. आज उतरवून पाहिली आणि एकेक चूक कळत गेली.

पहिली, भोक. दयाळाचं नुसतं डोकं त्यात जाईल, खांदे अडकतील. चिमणीच्या पेटीचं माप डोक्यात ठेवून मी भोक पाडलं होतं.

दुसरी, ऊन. दुपारी तीनला घरातला तापमापक पेटीत ठेवला तर ४१ अंश. पातळ प्लाय, त्यावर रंगाचा थर, पश्चिमेचं ऊन. पिल्लं असती तर भाजून निघाली असती. रंगाचा वासही आतून गेलेला नव्हता.

तिसरी, हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या. फणसाच्या फांदीचं एक पान पेटीच्या छपराला टेकत होतं, तेवढी वाट त्यांना पुरली. आत लाल हुमल्यांची रांग. मी आधी बुंध्याला ग्रीसचा पट्टा मारला. दुसऱ्या दिवशी त्यात एक छोटा सरडा अडकलेला दिसला, तेव्हा घाबरून सगळं पुसून काढलं. पक्ष्याच्या पंखाला ग्रीस लागलं तर ते निघत नाही, त्याला उडता येत नाही. पेटीच्या आसपास ग्रीस, डिंक, चिकट काहीही लावू नका. पेटीला टेकणारी पानं-फांद्या वीतभर लांब छाटल्या की हुमल्यांचा रस्ता तुटतो. मी तेच केलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

पेटी क्रमांक २. लाकडाच्या वखारीतून फणसाच्या फळीचे उरलेले तुकडे आणले, २ सेंटिमीटर जाडीचे, २५० रुपये. तळ १५ बाय १५, मागची उंची ३०, पुढची २६, म्हणजे छपराला उतार. भोक साडेसहा सेंटिमीटर, तळापासून १५ सेंटिमीटर वर. तळाला पाणी निथळायला चार बारीक छिद्रं. रंग नाही. आतली बाजू रंधा न मारता खरखरीत ठेवली, पिल्लांना चढून वर यायला पकड मिळते. बसायची काडी काढून टाकली. दयाळाला तिची गरज नाही. काडी असली की कावळ्याला आणि साळुंकीला तिथे बसून आत डोकावणं सोपं जातं.

ही चिकूवर बांधली, पूर्वेला तोंड, आठ फुटांवर, दुपारभर सावली.

दयाळाच्या नातलगांबद्दल वाचताना सेशेल्स बेटांवरच्या दयाळाची हकीकत कळली. वेगळी जात, पण याच कॉप्सिकस वंशातली. १९६० च्या दशकात त्या जातीचे वीसही पक्षी उरले नव्हते आणि तेही फ्रेगेट नावाच्या एकाच बेटावर. पुढे मांजरं हटवली, खाणं पुरवलं, पेट्या टांगल्या, काही पक्षी दुसऱ्या बेटांवर नेले आणि ती जात वाचली. आपला दयाळ काही संकटात नाही, गावोगाव आहे. पण पेटी त्याचं कुळ स्वीकारतं, एवढा धीर मला या गोष्टीने आला.

रविवार, ९ मार्च

पेटी क्रमांक २ साळुंक्यांनी घेतली.

शुक्रवारी दयाळाची मादी दोनदा आत डोकावून गेली होती. काल सकाळी साळुंक्यांची जोडी गवत, प्लास्टिकची पट्टी, कोंबडीचं पीस आत नेताना दिसली. दयाळाच्या नराने दोन-तीनदा झेप घेतली, पण साळुंकी अंगाने मोठी आणि दोघं मिळून भांडतात. आज दुपारपर्यंत पेटी त्यांची झाली. धाकटा मुलगा म्हणाला, हुसकावूया. मी नको म्हटलं. एकदा घरटं सुरू झालं की ते कुणाचंही असो, त्याला हात लावायचा नाही. भोक पाच-साडेपाच सेंटिमीटरचं केलं असतं तर कदाचित साळुंकीला अडचण झाली असती, पण दयाळ आणि साळुंकी यांच्या अंगात एवढा फरक नाही की भोकाच्या मापावर सगळं सोडून द्यावं. सिंगापूरमध्ये दयाळ १९७० च्या दशकापर्यंत फार कमी झाले, त्याचं एक कारण बाहेरून आणलेल्या साळुंक्यांशी ढोल्यांवरून होणारी स्पर्धा असं मानलं जातं. आमच्या चिकूवर मी तेच लहान प्रमाणात पाहिलं.

सव्वा महिना गेला. नर रोज गातोय, मादी रोज भिंतीला लटकतेय.

मंगळवार, ११ मार्च

संध्याकाळी सासूबाई गोठ्यापाशी आल्या. मी तिसऱ्या पेटीची मापं काढत होते. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगो, तू झाडांवर पेट्या बांधतेस, ती रोज भिंतीकडे येते. तिला काय हवं ते ती सांगतेय की. भोक बुजवलं तिथेच फोड ना."

पाच आठवडे ती मादी माझ्या डोळ्यांसमोर हेच सांगत होती.

रविवार, १६ मार्च

शिमग्याच्या गडबडीत गवंडी मिळत नव्हता. आज आला. "बाई, नवा गिलावा फोडायचा?" असं दोनदा विचारलं. मी कारण सांगितल्यावर म्हणाला, त्याच्या घरी विहिरीच्या कठड्यात असंच भोक आहे, त्यातही दयाळ येतो. मग त्याने मनापासून काम केलं.

जुनी जागा पूर्वेच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेसात फूट, पन्हळीच्या खाली. तोंड ८ सेंटिमीटर रुंद आणि ७ उंच. आत छिन्नीने खोल करून घेतलं, २४ सेंटिमीटर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतला तळ तोंडापेक्षा ८ सेंटिमीटर खाली घेतला, म्हणजे अंडी बाहेर घरंगळणार नाहीत आणि कावळ्याची चोच पोचणार नाही. तोंडाच्या खालच्या कडेला सिमेंटचा उतार बाहेरच्या बाजूला, पावसाचं पाणी आत वळू नये म्हणून. आतून सिमेंट लावायचं नाही असं बजावून सांगितलं. चिरा श्वास घेतो, सिमेंट घेत नाही.

मजुरी ६०० रुपये, वेळ दीड तास. दुपारी तीनला आत तापमापक ठेवला: ३१ अंश. बाहेर सावलीत ३४ होतं.

शनिवार, २२ मार्च

मादी आत गेली. सकाळी सात ते आठ या तासात अकरा फेऱ्या: पोफळीची सुकी मुळं, नारळाचा काथ्या, गवताच्या काड्या. घरटं जवळजवळ एकटी मादीच बांधते. नर समोरच्या रातांब्यावर बसून गातो आणि कुणी जवळ आलं तर अंगावर जातो. मी ताक घुसळता घुसळता बघत होते. आज घरात सगळ्यांना सांगून झालं.

गुरुवार, ३ एप्रिल

इथे मी चूक केली. ती जशी झाली तशी लिहिते.

पाडव्याच्या दिवशी, ३० मार्चला, मादी सकाळी थोडा वेळ आत बसून बाहेर आली, म्हणजे अंडी घालायला सुरुवात झाली असावी असं वाटलं. दयाळ रोज एक याप्रमाणे चार किंवा पाच अंडी घालतो आणि मादी एकटीच ती उबवते. मला किती झाली ते बघायचं होतं. आज ती बाहेर गेलेली पाहून शिडी लावली, मोबाइल भोकाशी धरला, फोटो काढला. चार अंडी, फिकट निळसर हिरवी, त्यांवर तपकिरी शिंतोडे. सगळं मिळून अर्धं मिनिट.

मी शिडीवरून उतरत असतानाच मादी आली. चर्र चर्र असा कर्कश आवाज करत नर आणि मादी दोघंही माझ्या डोक्यावरून फिरली. मी घरात गेले तरी मादी आत जाईना. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, भोकापर्यंत येऊन परत. मी घड्याळ बघत होते. अठ्ठावीस मिनिटांनी आत गेली. अंडी तेवढा वेळ उघडी. पलीकडे भारद्वाज घुमत होता. त्याने वाट पाहिली असती तर चारही गेली असती.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी, घरटी यांना उपद्रव देणं येतं. मला हे माहीत होतं, तरी मोह झाला. शिडी आज माडीवर नेऊन ठेवली. यापुढच्या सगळ्या नोंदी पडवीतून, वीस पावलांवरून.

मंगळवार, १५ एप्रिल

पिल्लं फुटली. आत न बघता कसं कळलं: काल सकाळपर्यंत मादी बराच वेळ आत असायची, दुपारपासून दोघंही चोचीत काही ना काही घेऊन येऊ लागली.

आज सकाळी सात ते आठ मोजलं. मादी १३ वेळा, नर ५ वेळा. बहुतेक अळ्या आणि कोळी, दोन टोळ. एकदा नराने पालीचं छोटं पिल्लू आणलं, ते फरशीवर चार वेळा आपटलं आणि मग आत नेलं. बाहेर पडताना मादीच्या चोचीत पांढरी पुडी असते, पिल्लांची विष्ठा. ती भिंतीपाशी टाकत नाही, पार पाटापलीकडे नेऊन टाकते. खाली घाण पडली की सापाला, मांजराला पत्ता लागतो.

केळीच्या वाफ्यात किडीवर फवारणी ठरली होती. पुढे ढकलली. जी अळी मारायची तीच त्या भिंतीत जाते.

शनिवार, १९ एप्रिल

नर स्कूटरच्या आरशाशी भांडतोय. आपलं प्रतिबिंब दुसरा नर समजून चोच मारतो, पंजे रोवतो, आरसा बरबटून टाकतो. काल पाऊण तास हेच. तेवढा वेळ पिल्लांना खाणं नाही. दोन्ही आरशांवर जुने मोजे चढवले. पाच मिनिटांत गडी परत कामाला. घराशेजारी घरटं असेल तर हे पहिल्याच दिवशी करा.

मंगळवार, २९ एप्रिल

काल पहाटे पिल्लं बाहेर आली. चार. शेपट्या आखूड, छातीवर तांबूस खवले, एकीकडून दुसरीकडे नुसती भिरभिरत पडतात. मांजर मी रविवारपासून खोलीत कोंडलं होतं.

मांजराची काळजी घेतली आणि टाकीची विसरले. पोफळींना पाणी सोडायची सिमेंटची टाकी गोठ्यापासून पंधरा पावलांवर आहे, उघडी, कडा गुळगुळीत, पाणी कडेपासून हातभर खाली. आज सकाळी एक पिल्लू त्यात तरंगत होतं. मादी कडेवर चोचीत अळी घेऊन बसली होती. मी पिल्लू बाहेर काढलं तरी ती बराच वेळ तिथेच होती, अळी तशीच चोचीत.

टाकीत आता सुपारीची एक लांब फळी तिरकी टाकली आहे, एक टोक तळाला, एक कडेवर. तिला काथ्या गुंडाळला आहे, पायाला पकड मिळावी म्हणून. दहा मिनिटांचं काम होतं. विहीर, टाकी, पिंप, काहीही उघडं पाणी असेल तर पिल्लं उडायच्या आधी हे करून ठेवा. खारी आणि सरडेही याच फळीवरून वाचतात.

उरलेली तीन पोफळींत ऐकू येतात.

रविवार, ४ मे

भिंतीच्या भोकात आता काळ्या मुंग्यांची ये-जा आहे. आत राहिलेल्या किड्यांच्या तुकड्यांवर त्या आल्या. मादी दोनदा तोंडाशी येऊन परत फिरली.

तिसरी पेटी मार्चमध्ये अर्धवट राहिली होती, ती मी एप्रिलच्या सुट्टीत पूर्ण करून लाकडांच्या खोपीच्या वळचणीला, पूर्वेच्याच अंगाला लावली होती. हिला भोक नाही. समोरची फळी खालून १२ सेंटिमीटर, त्यावर सगळं उघडं. साळुंक्यांनी एकदा डोकावून सोडून दिली. आज दयाळाची मादी तिच्यात काथ्या नेतेय. नर पहिल्या पिल्लांना अजून भरवतो आणि मध्येच गातो. अंधार पडल्यावरही बाकी सगळे पक्षी गप्प झाले की हा एकटा गात असतो.

बुधवार, २१ मे

काल रात्रीपासून मुसळधार. मे महिन्यात असा पाऊस इथे कुणी धरून चालत नाही. मादी १३ तारखेपासून अंड्यांवर आहे. सकाळी सहाला बघते तर पेटीच्या छपराच्या सांध्यातून थेंब थेंब आत, आणि खोपीच्या पन्हळीची धार वाऱ्याने पेटीवर. मादी आत बसूनच होती. पाठीची पिसं भिजून दोऱ्यासारखी झाली होती, ती हलत नव्हती.

सांध्याला मी सरस लावला होता, वर पत्रा नव्हता. लाकूड दोन महिने उन्हात आक्रसलं आणि फट पडली. छपरावर पत्र्याचा किंवा रबराचा तुकडा सुरुवातीलाच हवा.

उठवायचं नाही असं ठरवून वाट पाहिली. सव्वासातला पाऊस थोडा थांबला, ती खायला बाहेर पडली. मी आणि नवरा पत्रा कापून तयार उभे होतो. पत्रा पेटीला न लावता वरच्या वाशाला दोन स्क्रूंनी, म्हणजे पेटीला धक्का नाही. चार मिनिटं. ती परतली, पत्र्याकडे बघितलं, आत गेली. पत्रा १८० रुपये.

सोमवार, २६ मे

मान्सून काल गोव्यात पोचला म्हणून बातम्यांत आलं. एरवी जूनचा पहिला आठवडा. आणि कालच दुपारपासून दोघंही चोच भरून पेटीकडे. पावसाने गांडुळं वर आली आहेत, खाणं भरपूर.

रविवार, ८ जून

दोन पिल्लं बाहेर. पेटीतून तिसरं आलं नाही. मांजर कोंडलेलं, आरसे झाकलेले, फळी टाकीत.

रविवार, ६ जुलै

महिनाभर पेटीकडे कुणी आलं नाही याची खात्री करून ती उतरवली आणि साफ केली. तोंडाला फडकं बांधा, घरट्याला उग्र वास असतो आणि बारीक किडेही. आत काथ्या, मुळं, सिमेंटच्या पिशवीचे दोरे. तळाशी एक न फुटलेलं अंडं होतं, ते कागदात गुंडाळून फणसाखाली पुरलं. पेटी गरम पाण्याने धुऊन वाळवली. साबण, फिनेल काही नाही. क्रमांक १ मोडून टाकली. क्रमांक २ मधून साळुंक्यांची तीन पिल्लं उडाली.

खर्च: पेटी १ वर २०५, पेटी २ वर २५०, पेटी ३ चं लाकूड आणि खिळे ३१०, गवंडी ६००, पत्रा १८०. एकूण १५४५ रुपये. गिलावा करताना ते एक भोक सोडलं असतं तर एक रुपयाही लागला नसता आणि मादीचे दीड महिने वाचले असते.

रविवार, २० जुलै

नर आता गात नाही. दिसतो, पण झुडपांत खाली खाली, शेपटीची दोन पिसं गळलेली.

माजघराच्या मागच्या भिंतीचा गिलावा चवथीआधी करायचा आहे. तिथे परांचीची पाच भोकं आहेत. सासूबाईंनी आणि मी मिळून पाहिली: दोन पश्चिमेला, उन्हाची, ती बुजवली तरी चालतील. उरलेल्या तिघांभोवती कोळशाने गोल काढलेत आणि गवंड्यासाठी शेजारी लिहून ठेवलंय: तोंड ८ बाय ७, खोली २४, तळ ८ खाली, आत सिमेंट नको.